सिल्व्हर्टन: आई-बाबा, मुलं आणि ९,३१८ फुटांवरचं खाणींचं गाव

कोलोरॅडोतलं सिल्व्हर्टन पाहून आलेल्या कुटुंबांना काय पाहिलं म्हणून विचारलं, तर वाफेच्या इंजिनाची गाडी, रंगीबेरंगी दुकानं आणि डोंगर यांचं कौतुक ऐकायला मिळतं. खाण मात्र राहूनच जाते. डुरँगोहून सकाळी निघालेली गाडी दुपारच्या सुमारास गावात पोचते, दोनेक तास थांबते आणि परत फिरते. तेवढ्यात जेवण, आइस्क्रीम आणि टी-शर्ट होतो. ज्या खाणींसाठी हे गाव वसलं आणि हे रूळ टाकले गेले, त्यांतली आत जाऊन पाहता येणारी खाण गावापासून पाचेक मैलांवर आहे. दोन तासांत जेवून तिथं जाऊन येणं जमत नाही.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. आधी खाण, मग खनिज दळणारी मिल, आणि गाव सगळ्यात शेवटी. खडकातून निघालेलं खनिज ज्या वाटेनं खाली आलं, त्याच वाटेनं आपणही यायचं. या क्रमानं पाहिलं की इतक्या उंचावर, इतक्या आडजागी हे गाव कशाला वसलं हे सात-आठ वर्षांच्या मुलालाही कळतं. त्यासाठी सिल्व्हर्टनमध्ये एक रात्र काढायला हवी.

थोडी पार्श्वभूमी. सॅन वान पर्वताचा हा मुलूख यूट या मूलनिवासी लोकांचा. १८७३ च्या ब्रुनो करारानं त्यांच्याकडून हा डोंगराळ भाग काढून घेतला गेला, आणि १८७४ मध्ये सिल्व्हर्टनची आखणी झाली. १८८२ च्या जुलैत रेल्वे पोचली. त्याआधी खनिज खेचरांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरायचं, त्यामुळे अगदी उंची प्रतीचं खनिजच खाली पाठवणं परवडायचं. रूळ आले आणि हलक्या प्रतीचा दगडही कामाचा झाला. १८९३ मध्ये चांदीचे भाव कोसळले तेव्हा कोलोरॅडोतली कितीतरी गावं बसली. सिल्व्हर्टन तगलं, कारण इथल्या खडकात चांदीबरोबर सोनं, शिसं, जस्त आणि तांबंही होतं. शेवटची मोठी खाण, सनीसाइड, १९९१ मध्ये बंद झाली. आज गावात सहाशेच्या आसपास माणसं राहतात.

कधी जायचं

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. जूनच्या सुरुवातीला वरच्या वाटांवर बर्फ असतो. जुलैचा उत्तरार्ध रानफुलांचा, सप्टेंबरचा शेवट पिवळ्याधमक ॲस्पेनचा. आई-बाबा भारतातून उन्हाळ्यात येणार असतील आणि निवडीला वाव असेल, तर मी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडेन: गर्दी ओसरलेली असते आणि दुपारची वादळंही बरीच कमी झालेली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ लख्ख आणि दुपारी विजांचा कडकडाट हा जवळजवळ रोजचा प्रकार. त्या महिन्यांत उघड्या माळावरचं फिरणं दुपारी बाराच्या आत उरकायचं आणि नंतर छपराखाली जायचं. ४ जुलैच्या आसपास आणि हार्डरॉक ही शंभर मैलांची डोंगरी शर्यत असते त्या दिवसांत गावात खोली मिळणं कठीण. भर जुलैतही रात्री पारा तीन-चार अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, तेव्हा प्रत्येकाचं स्वेटर आणि कानटोपी सामानात हवीच.

उंची: इथे घाई करू नका

सिल्व्हर्टन ९,३१८ फुटांवर, म्हणजे २,८४० मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे आपण महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेच्या पावणेदोनपट उंचीवर जेवणार, झोपणार आणि चालणार आहोत. हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ३० टक्के कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. ज्येष्ठांबरोबरच्या सहलीत सगळ्यात जास्त विचार करायचा तो याचा.

पहिली रात्र डुरँगोत काढा. ते साडेसहा हजार फुटांवर आहे. ह्यूस्टन, डॅलस किंवा न्यू जर्सीहून थेट येणाऱ्यांनी तर दोन रात्री काढाव्यात. त्या दिवशी डोंगर चढायचे नाहीत; नदीकाठी फिरावं, हलकं जेवावं, लवकर झोपावं. मद्य टाळावं. हवा फार कोरडी असते, तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहावं. मात्र पाणी प्यायलं म्हणजे उंचीचा त्रास होणारच नाही, असं समजू नका.

त्रास ओळखायचा कसा? डोकं दुखणं, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, झोप न लागणं ही सुरुवातीची लक्षणं. आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी "प्रवासाचा शीण आहे, होईल बरं" म्हणून अंगावर काढतात, मुलांचा बेत मोडू नये म्हणून बोलतही नाहीत. म्हणून "बरं वाटतंय ना?" असं विचारू नका, त्याला उत्तर "हो"च येतं. "डोकं जड आहे का? सकाळचा चहा गेला का? रात्री किती वेळा जाग आली?" असं नेमकं विचारा. लक्षणं असतील तर आणखी वर जायचं नाही. वाढत असतील तर डुरँगोला उतरायचं. बसल्याजागी धाप लागणं, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता ताबडतोब खाली निघायचं आणि ९११ ला फोन करायचा. सिल्व्हर्टनमध्ये रुग्णालय नाही. सगळ्यात जवळचं डुरँगोत, म्हणजे घाटातून सव्वा तासावर.

हृदयविकार, दमा, फुप्फुसांचा आजार किंवा काबूत नसलेला रक्तदाब असेल, किंवा कुणी गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोलीसुद्धा ठरवू नका. ॲसिटाझोलामाइड ही गोळी यासाठी वापरतात, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. भारतातून आलेल्या पालकांचा प्रवासी विमा आधीपासूनच्या आजारांना कितपत लागू होतो, तेही निघण्यापूर्वी वाचून ठेवा. एखाद्याला रात्री वर राहणं झेपणारच नसेल, तर सगळ्यांनी डुरँगोत मुक्काम करून दिवसभरासाठी मोटारीनं वर जावं. खाण तरीही पाहून होते.

वर कसं जायचं: कुटुंब रेल्वेनं, मोटार रस्त्यानं

डुरँगोला विमानतळ आहे. डेन्व्हर, डॅलस आणि फीनिक्सहून विमानं येतात. डेन्व्हरहून मोटारीनं साडेसहा-सात तास, अल्बुकर्कीहून साडेतीन-चार.

पुढे रेल्वे की रस्ता यावर घराघरांत वाद होतो, आणि उत्तर दोन्ही असं आहे. गाडी सुंदर आहे. रूळ तीन फूट रुंदीचे. नेरळ-माथेरानचे दोन फुटांचे पाहिलेल्यांना ही जरा ऐसपैस वाटेल. वाफेची इंजिनं बहुतेक १९२३ आणि १९२५ साली बांधलेली. पूर्वी ती कोळशावर चालत. २०१८ च्या मोठ्या वणव्यानंतर रेल्वे तेलाकडे वळली. अंतर ४५ मैल, वेळ साडेतीन तास. पण त्याच दिवशी गाडीनंच परत यायचं म्हणजे जाऊन-येऊन सात तास बाकावर, आणि परतीच्या प्रवासात लहान मुलं कंटाळून रडकुंडीला येतात.

त्यापेक्षा असं करा. गाडी चालवणारं एक माणूस मोटार आणि सामान घेऊन रस्त्यानं जाईल, बाकीचे रेल्वेनं, आणि भेट सिल्व्हर्टनच्या स्टेशनवर. तिकीट काढताना एकेरी प्रवास आणि वर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत येणं, हे दोन्ही प्रकार विचारा. मोसमानुसार उपलब्धता बदलते. ज्यांच्याकडे मोटार नाही, त्यांना एका बाजूनं गाडी आणि दुसऱ्या बाजूनं बस हा पर्याय मिळतो.

वर जाताना जागा उजव्या बाजूची घ्या. रॉकवूड सोडल्यावर रूळ कड्यात कोरलेल्या अरुंद पट्टीवरून जातात आणि ॲनिमास नदी खाली खोल दरीत हिरवीगार दिसते. हे दृश्य उजवीकडे असतं. बाजूंनी उघड्या डब्यातून फोटो छान येतात, पण धूर आणि कणांसाठी डोळ्यांवर चष्मा हवा, आणि सकाळी तिथं चांगलीच थंडी वाजते. आजी-आजोबांना बंद डब्यातच बसवा.

मोटार घेऊन जाणाऱ्याला कोल बँक पास (१०,६४० फूट) आणि मोलास पास (१०,९१० फूट) हे दोन घाट ओलांडायचे आहेत. रस्ता डांबरी आणि चांगला आहे, पण वळणावळणाचा. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवण्यापेक्षा खालचा गिअर टाकावा. टाकी डुरँगोत भरून घ्या आणि नकाशा फोनवर उतरवून ठेवा, घाटात फोनला रेंज नसते.

स्टेशनवरून थेट डोंगराच्या पोटात

गाडीतून उतरलेली सगळी गर्दी जेवणासाठी एकाच वेळी हॉटेलांकडे धावते. तिच्यात शिरू नका. डबा सोबत ठेवा, मोटारीत बसा, खा, आणि गावाच्या ईशान्येला ओल्ड हंड्रेड खाणीकडे निघा. शेवटचा भाग कच्चा आहे, पण साध्या मोटारीनं जाता येतं. खाण साधारण मे ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडी असते. शेवटची फेरी किती वाजता आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

वाहन लावल्यावर आत जायची घाई करण्याआधी मान वर करून गॅलेना डोंगराकडे बघा, जमल्यास दुर्बिणीनं. पार वर, कड्याला चिकटलेलं एक लाकडी घर दिसतं. ते कामगारांचं बोर्डिंग हाऊस. तिथं माणसं राहत, जेवत, आणि हिवाळ्यात बर्फाच्या कड्यांखाली झोपत. मुलांना आधी ते शोधायला लावा. पुढचा तास ती खाणीकडे वेगळ्या नजरेनं पाहतात.

डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर रेनकोट खाणवालेच देतात. विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीत बसून आपण बोगद्यातून डोंगरात सुमारे एक तृतीयांश मैल आत जातो. आत वर्षभर साधारण ९ अंश सेल्सिअस तापमान असतं आणि छतातून पाणी ठिबकत राहतं, म्हणून आत स्वेटर आणि पायात बंद बूट हवेत. आतलं चालणं सपाट आहे, बऱ्याच वेळा बसूनच ऐकायचं असतं; गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं. बंद जागेची भीती असणाऱ्यांना मात्र आधी कल्पना द्या.

आत दाबलेल्या हवेवर चालणारी ड्रिल यंत्रं प्रत्यक्ष चालवून दाखवतात. तो आवाज छातीत बसतो. अगदी लहान मुलांचे कान झाका, आणि ज्यांना श्रवणयंत्र आहे त्यांनी ते आधीच काढून ठेवावं. हा आवाज ऐकला की ड्रिलची पुढची गोष्ट मुलांना जरूर सांगा. सुरुवातीची ड्रिलं कोरडी होती. खडकाला भोक पाडताना उडणारी गारगोटीची बारीक धूळ कामगारांच्या फुप्फुसांत जाई आणि काही वर्षांत धट्टीकट्टी माणसं खोकून खोकून मरत. या यंत्रांचं तिथलं टोपणनावच "बायकांना विधवा करणारं" असं होतं. डेन्व्हरच्या जॉर्ज लेनर यांनी भोकात पाणी सोडून धूळ बसवणारं ड्रिल आणलं, त्यानंतर हे चित्र हळूहळू बदललं. आज छतातून टपकणारं ते पाणी आणि यंत्राला जोडलेली ती नळी समोर दिसत असताना सांगितलेली ही गोष्ट मुलं विसरत नाहीत.

बाहेर आल्यावर थाळीत वाळू घोळून सोन्याचे कण शोधता येतात, तिकिटातच. मुलं तिथून हलत नाहीत. आजी-आजोबांसाठी उन्हाची टोपी हाताशी ठेवा आणि अर्धा तास बिनधास्त जाऊ द्या.

परतीच्या वाटेवर मिल

गावाकडे येताना, गावाच्या दोनेक मैल अलीकडे, उतारावर पायऱ्यांसारखी रचलेली एक भली मोठी इमारत दिसते. ही मेफ्लॉवर मिल. १९२९ च्या सुमारास बांधायला घेतली आणि १९९१ पर्यंत चालली. समोरच्या घळीतल्या खाणीतून खनिज इथवर रोपवेच्या बादल्यांतून यायचं. तारा आणि मनोरे अजून उभे आहेत. इमारत उतारावरच का, असा प्रश्न मुलांना विचारा. दगड वरच्या मजल्यावर आत यायचा, प्रत्येक पायरीला तो आणखी बारीक दळला जायचा, आणि खाली उतरायला त्याला वजनाशिवाय दुसऱ्या कशाची गरज नसायची. शेवटी पाणी, रसायनं आणि हवेचे बुडबुडे यांच्या मदतीनं धातूचे कण फेसाबरोबर वर काढले जायचे. त्या काळात आत जाऊन पाहता येतंय का, हे गावातल्या इतिहास मंडळाच्या म्युझियममध्ये विचारून घ्या. बंद असली तरी रस्त्यावरून दिसतं तेवढ्यासाठीही थांबावं.

गाव: गाडी गेल्यावर

परतीची गाडी शिट्टी देऊन निघून गेली की अर्ध्या तासात गाव मोकळं होतं. आता ग्रीन स्ट्रीटवर फिरा. गावातला हा एकच मुख्य डांबरी रस्ता, बाकी गल्ल्या अजून मातीच्या. एक गल्ली सोडून ब्लेअर स्ट्रीट लागतो. एकेकाळी इथं दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे आणि कुंटणखाने होते. आता दुकानं आणि खानावळी आहेत. मुलांनी विचारलं तर त्यांच्या वयाला झेपेल एवढं खरं सांगावं. काळ्या कमाईची गंमतीदार गोष्ट म्हणून तो भाग रंगवून सांगण्याची मला चीड येते, कारण त्या खोल्यांत राहणाऱ्या बायकांचं आयुष्य गंमतीचं नव्हतं. याच गावानं १९०२ मध्ये चिनी रहिवाशांना हाकलून लावलं होतं, हेही परदेशात घर केलेल्या आपल्यासारख्यांनी मुलांना सांगण्याजोगं आहे.

म्युझियम १९०२ च्या जुन्या तुरुंगात आहे, आणि त्याला जोडून खाणींवरचं मोठं दालन आहे. ते दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. दमलेल्या मुलांना संध्याकाळी काचेच्या कपाटांपुढून नेण्यात अर्थ नाही.

जेवणाचं

शाकाहारी मंडळींनी गावावर अवलंबून राहू नये. पिझ्झा, सॅलड, बटाटे मिळतात, पण दुकानं लवकर बंद होतात आणि गावातलं किराणा दुकान लहान आहे. डुरँगोतून भाजी, दही, ब्रेड भरून घ्या आणि स्वयंपाकघर असलेली खोली निवडा. इथं पाणी ९०-९१ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजायचं नाव घेत नाही आणि भात कचवट राहतो. कुकर सोबत न्या आणि नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ द्या. चहालाही जास्त उकळी लागते. आल्या दिवशी मऊ खिचडी, सोबत मेतकूट आणि लोणचं, एवढं पुरे. उंचीवर जड जेवण पचत नाही. घरून दशम्या, चटणी आणि भाजलेल्या पोह्यांचा चिवडा आणला असेल तर दोन्ही दुपारची सोय झाली.

दुसरी सकाळ

सकाळी सगळ्यांची झोप आणि भूक ठीक असेल तरच आणखी वर जायचं. ॲनिमास फोर्क्स हे ओस पडलेलं गाव बारा मैलांवर, ११,२०० फुटांवर आहे. रस्ता खडीचा आणि खड्ड्यांचा. उंच बांधणीची गाडी हवी, आणि कोरडं हवामान. भाड्याच्या साध्या मोटारींच्या करारात कच्चे रस्ते बहुधा वर्ज्य असतात, तेव्हा करार वाचा किंवा सिल्व्हर्टनमध्ये जीप भाड्यानं घ्या. त्याच्या पुढचे सिनॅमन आणि एंजिनियर हे साडेबारा हजार फुटांवरचे घाट फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचे आणि सराईत चालकाचे आहेत. ज्येष्ठ आणि लहान मुलं सोबत असताना मी तिकडे जाणार नाही.

तिथलं डंकन हाऊस बघा. एवढ्या ओसाडीत, बर्फानं वर्षाचे अर्धे महिने गाडलेल्या जागी, कुणीतरी समोरच्या दालनाला बाहेर आलेली तीन बाजूंची खिडकी बसवून घेतली होती. आत जाता येतं. फळ्या सांभाळून पाय टाका. गंजलेले डबे, खिळे, काचेचे तुकडे जिथं आहेत तिथंच राहू द्या. सरकारी जमिनीवरच्या जुन्या वस्तू उचलणं बेकायदा आहे.

ज्यांना वर जायचं नाही, त्यांनी म्युझियम पाहून गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या हिलसाइड दफनभूमीत हळूहळू चालावं. इटली, कॉर्नवॉल, स्वीडन, ऑस्ट्रिया इथून आलेल्या कामगारांची नावं दगडांवर आहेत. हिमकडे, फुप्फुसांचा रोग, १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. जन्म-मृत्यूची सालं मोठ्या मुलांना वाचायला सांगा. किती जण तिशीही न गाठता गेले, ते त्यांचं त्यांना दिसतं.

ॲन्व्हिल डोंगरावर संगमरवरी ख्रिस्तमूर्ती आहे, १९५९ मधली. तिच्याशी गावकऱ्यांनी एक घटना जोडली आहे. ४ जून १९७८ ला लेक एमा या तळ्याचा तळ फुटून सगळं पाणी सनीसाइड खाणीत घुसलं. तो रविवार होता, आत एकही माणूस नव्हता, आणि हे या मूर्तीमुळेच असं गावकरी मानतात.

मुलांना बजावून सांगायच्या दोन गोष्टी

डोंगरांत जागोजाग जुनी बोगद्यांची तोंडं दिसतात. एकाही तोंडात डोकावायचं नाही, पाऊल टाकणं दूरच. आतली लाकडं कुजलेली असतात, जमिनीत खोल उभे खड्डे असतात, आणि काही ठिकाणी हवेत प्राणवायूच पुरेसा नसतो. तिथं आत गेलेला माणूस काही कळायच्या आत कोसळतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. सिमेंट क्रीकच्या काठचे दगड नारिंगी दिसतात. जुन्या खाणींतून झिरपणारं पाणी लोह आणि इतर धातू घेऊन बाहेर येतं. ५ ऑगस्ट २०१५ ला गोल्ड किंग खाणीच्या तोंडाशी अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं काम चालू असताना साठलेलं पाणी फुटलं, सुमारे ३० लाख गॅलन, आणि ॲनिमास नदी डुरँगोपर्यंत आणि त्याच्याही पुढे नारिंगी झाली. दुसऱ्या वर्षी सरकारनं हा परिसर सफाईची सगळ्यात जास्त गरज असलेल्या प्रदूषित जागांच्या राष्ट्रीय यादीत घेतला. अशा ओढ्यांत खेळायचं नाही, बाटली भरायची नाही.

परतताना

दुपारी वादळ जमायच्या आत मोलास पास ओलांडून डुरँगोला उतरा. एक दिवस हातात असेल तर डुरँगोजवळच्या इग्नेशियो गावात सदर्न यूट लोकांचं म्युझियम आहे. हा डोंगर आधी कुणाचा होता ते त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतं, त्यामुळे मेसा व्हर्डे या जवळच्या राष्ट्रीय उद्यानाच्या आधी मी ते सुचवेन.

उत्तरेला यूरेकडे जायचं असेल तर मध्ये रेड माउंटन पास (११,०१८ फूट) आणि मिलियन डॉलर हायवेचा २५ मैलांचा टप्पा आहे, बऱ्याच ठिकाणी कठड्याविना. सिल्व्हर्टनहून यूरेला जाताना आपली मार्गिका डोंगराच्या बाजूला असते, उलट येताना दरीच्या कडेला. उंचीची धास्ती असलेलं कुणी सोबत असेल तर हा रस्ता याच दिशेनं, उजेडात आणि कोरड्या हवेत करा. यूरे ७,८०० फुटांच्या आसपास असल्यामुळे रात्री झोपही बरी लागते, आणि तिथं गरम पाण्याच्या झऱ्यांचा सार्वजनिक तलाव आहे. पोहण्याचे कपडे वरच्या पिशवीत ठेवा.